पेज, पोई आणि पाचवा किलोमीटर

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, उभ्या आयुष्यात कोणताही पदार्थ नुसता खाल्लेला नाही. तुम्हीआम्ही जेवतो, ते नमुना घेतात. समोर पोह्यांची बशी आली की आधी बोटांनी त्यांचा शंकू करायचा, मग तळहाताने दाबून तो चपटा करायचा, चमच्याच्या दांड्याने त्यावर अधिकचं चिन्ह काढून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन भाग कडेला सारायचे आणि उरलेले दोन पुन्हा कालवून मगच तोंडात घालायचे. ताईला बघायला ते डिचोलीला आमच्या घरी आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. माझी आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मुलगा पोह्यांत काय शोधतो आहे, असं तिने मला हळूच विचारलं. खडा लागला असेल, असं मी सांगितलं आणि ती बिचारी पुढे महिनाभर पोहे दोनदा चाळत राहिली. खडा नव्हता. खाणीवर मातीचे नमुने घेणाऱ्या माणसाला ढीग दिसला की हात आपोआप तसे चालतात, हे आम्हाला लग्नानंतर कळलं.

डिचोलीजवळच्या एका खाणीवर त्यांनी पंचवीस वर्षं हेच काम केलं. ट्रक भरून येणाऱ्या मातीत लोखंड किती, पाणी किती, हे ठरायचं ते भावोजींनी उचललेल्या ओंजळभर मातीवरून. त्या ओंजळीचे ते तीन पुडे बांधत. एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, आणि तिसरा लाखेने बंद करून कपाटात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसरा फोडायचा. त्याला ते पंचाचा पुडा म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवघरातल्यासारखा होई. घर पेडण्याला, नोकरी डिचोलीला, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार त्यांचा मुक्काम आमच्याकडे असे. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. मातीचं मला काही कळत नाही, पण रोज रात्री जेवताना मला पाण्याचं प्रमाण, जेटीवर माती न्यायला येणाऱ्या बार्जची रांग आणि मुकादमाचा स्वभाव ऐकावा लागे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्या कामाविषयी इतक्या मायेने बोलणारा माणूस मी आमच्या स्टाफरूममध्ये पाहिलेला नाही.

मग खाणी थांबल्या आणि भावोजी पेडण्याला घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. जनेलाकडे, म्हणजे खिडकीशी, कदेल म्हणजे खुर्ची ओढून घ्यायची आणि रस्ता बघायचा. काही दिवस त्यांनी विहिरीचं पाणी दोरीला गाठी मारून मोजलं. नंतर अंगणातल्या बालदीत पडणारा पाऊस मोजला. शेजाऱ्याचा कुत्रा दिवसात किती वेळा भुंकतो याची त्यांनी नोंद ठेवली होती, आणि ती त्यांनी शेजाऱ्याला नेऊन दाखवलीही. ताईला त्यांची दया येई आणि दया आली की ती चिडे. मी रविवारी जाई तेव्हा ते मला फाटकापर्यंत पोचवायला येत आणि उगाच म्हणत, "डिचोलीत धूळ कमी झाली असतली मां?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटे.

त्यांना यातून बाहेर काढलं ते डॉक्टरने, आणि तेही न ठरवता. रक्त तपासून तो म्हणाला की साखर काठावर आली आहे, रोज चालत जा. काठ हा शब्द भावोजींना फार पटला, कारण त्यात मोजमाप होतं. दुसऱ्या दिवसापासून ताईने चहातली साखर बंद केली आणि भावोजी चालू लागले. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की पावलं मोजण्यापेक्षा वेळ मोजणं जास्त मजेचं आहे, आणि वेळ मोजू लागल्यावर तो कमी करावासा वाटतोच. छपन्नाव्या वर्षी आमचे भावोजी धावू लागले. सहा महिन्यांत ते घरच्या फाटकातून निघून अठरा किलोमीटर न थांबता धावून येत. पेडण्याच्या बाजारात लोक आधी हसले, मग त्यांच्या धावण्यावरून घड्याळं लावू लागले.

एकदा धावायला लागल्यावर त्यांना कुठून तरी कुठे तरी जायला हवं होतं. शर्यतीत धावायला त्यांचा नकार होता, कारण तिथे अंतर दुसऱ्याने मोजलेलं असतं. त्यांनी स्वतःचा रस्ता ठरवला. हळर्णच्या किल्ल्यापासून निघायचं, पेडणे ओलांडायचं, आणि हरमलच्या समुद्रात पाय बुडवायचे. त्यांच्या स्कूटरच्या काट्याप्रमाणे तेवीस किलोमीटर. हाच रस्ता का, असं विचारल्यावर ते म्हणाले की पंचवीस वर्षं आपण डोंगरातली माती जेटीवरून समुद्राकडे लावून दिली, पण स्वतः जेटीच्या पुढे कधी गेलो नाही. 

आता प्रश्न उरला तो धावण्याआधी काय खायचं हा. हा प्रश्न तुमच्यामाझ्यासाठी पाच मिनिटांचा असतो. भावोजींना तो वर्षभर पुरला. गोव्यात कोणाला वाटेत भेटलं की 'बरे मां?' असं विचारतात. भावोजी विचारू लागले, "सकाळी काय खाल्लास? किती वाजता?" हरमलच्या वाळूत रापण, म्हणजे समुद्रातलं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसांना त्यांनी भर ओढीत हे विचारलं. तिकडे दोन-तीन तास दोर खेचून लोकांचे हात सोलवटलेले, आणि हे वही घेऊन पुढे उभे. चहा आणि उंडा, म्हणजे गोल पाव, एवढंच उत्तर आलं, आणि त्याबरोबर दोराचं एक टोकही हातात आलं. हरमललाच किनाऱ्यावर धावणारा एक लांबटांग्या परदेशी पाहुणा त्यांना सापडला. त्याच्याबरोबर अर्धा किलोमीटर धावत त्यांनी हातवाऱ्यांनी त्याची न्याहारी काढून घेतली. तो ओट खात होता. भावोजींनी ते आणून शिजवले, चार भाग केले, आणि दोन नव्हे तर चारही भाग कडेला सारले. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला बोहल्यावरून उतरताच हाच प्रश्न विचारला. तो उपाशी होता. त्याच्याकडे करुणेने बघत ते म्हणाले की दुपारपर्यंत टिकणार नाही, आणि खरोखरच पंगतीच्या वेळी त्याला घेरी आली.

सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर प्रयोग सुरू झाले आणि त्यात माझा पंचाचा पुडा झाला. म्हणजे असं, की भावोजी जे खातील तेच, तितकंच, त्याच वेळी मी खायचं आणि त्यांच्याबरोबर धावायचं. मी चाळिशीचा, पोट सुटलेला, पाठ्यपुस्तकं तपासण्यापलीकडे कसलाही व्यायाम न केलेला माणूस. माझी निवड कोणत्या निकषावर झाली हे मी विचारलं. "तुझ्यात आधीचा काय मिसळलेला नाय," असं उत्तर मिळालं. शनिवारी मुक्कामाला पेडण्याला जायचं आणि रविवारी सकाळी माझी रवानगी रस्त्यावर, असा क्रम वर्षभर चालला.

पहिला महिना पोईचा. पोई म्हणजे कोंड्याचा जाडसर पाव, आणि तो पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आणून देईपर्यंत मिळत नाही. भावोजींचं म्हणणं असं की पोई ताजी हवी, म्हणून आम्ही बूट घालून फाटकात उभे राहायचो. पोई पोटाला धरून राहते, याबद्दल वाद नाही. पण ती इतकी धरून राहते की सातव्या किलोमीटरला माझ्या पोटाने मला एका काजूच्या बागेत नेलं आणि बागेच्या मालकिणीशी माझा कायमचा परिचय झाला. वहीत नोंद झाली: पोई, दीड तास आधी, नको, तीन तास आधी, बरी. मग रताळी आली. त्यांना इकडे कणगां म्हणतात. उकडलेल्या कणग्यांवर पाय फार चांगले चालले, पण सोमवारी माझ्या वर्गातल्या मुलांनी खिडक्या उघडल्या आणि मी तो प्रयोग तिथेच थांबवला. रसबाळी केळी सगळ्यांत सोयीची निघाली. पणजीहून आणलेली एक पूड पाण्यात घालून प्यायलो. ती पिऊन धावताना मला सारखं वाटत होतं की मला ताप आहे. शेवटी उकड्या तांदळाच्या पेजेचा महिना आला. ताईने मीठ घालून, वर लोणच्याची फोड देऊन पहाटे चारला पेज वाढायची आणि आम्ही सातला निघायचं. पोट हलकं, पाय भरलेले. पेजेवर भावोजी अठरा किलोमीटर गुणगुणत गेले. पेज वाढताना ताई म्हणाली की हे आपल्या शेतात राबणाऱ्या बायकांना विचारलं असतंत तर वर्षभर आधी कळलं असतं. भावोजींनी शांतपणे उत्तर दिलं की त्यांनी विचारलं होतं, पण त्या पेज पिऊन दर वेळी किती वाजता वाकत होत्या हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

वहीप्रमाणे सगळं ठरल्यावर आम्ही हळर्णला गेलो. निघण्याआधी ताईने दोघांना उंबऱ्यावर थांबवलं आणि दही-साखर हातावर ठेवली. शुभकार्याला निघालेल्या माणसाला आपल्याकडे ती देतातच. ताईच्या घरची दही-साखर मात्र वाटीभर असे, कारण महिनाभर नवऱ्याच्या चहातून तिने साखर काढून घेतलेली असे आणि ते तिला आतून डाचत असे. वाटीत चार चमचे साखर घालताना मी तिला डॉक्टरची आठवण करून दिली. शुभकार्याची साखर अंगी लागत नाही, असं ती म्हणाली. मग स्कूटरवरून पंचवीस मिनिटांत हळर्ण, किल्ल्याखालच्या घुमटीतल्या देवाला नमस्कार, नाडी बांधणं, हातपाय हलवणं, आणि सुरुवात. पाचव्या किलोमीटरला एक सांकव आहे, ओढ्यावरचा जुना लहानसा पूल. तिथे भावोजी एकदम थांबले, कठड्यावर बसले आणि त्यांच्या कपाळावर थंड घाम आला. पाय आपले नाहीत असं वाटतं आहे, म्हणाले. मीही त्यांच्याशेजारी बसलो. माझे पायही लटपटत होते, पण मी बसलो याचं कोणालाच नवल वाटलं नाही. मी बसणारच होतो.

तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा गेलो. पेज तीच, तांदूळ तोच, वेळ तीच. आणि सांकवही तोच. घरच्या फाटकातून अठरा किलोमीटर गाणी म्हणत जाणारा माणूस हळर्णहून पाच किलोमीटरवर चिंधीसारखा बसतो, याचा अर्थ कोणालाच लागेना. शेजाऱ्याने सांगितलं की सांकवाजवळ राखणदार, म्हणजे वाट राखणारा देव, असतो, त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, द्यायला हवा होता. दुसऱ्या एकाच्या मते हळर्णचा वाराच जड. भावोजींना दोन्ही कारणं मान्य नव्हती, पण त्यांनी वाऱ्याचा रकाना वाढवला आणि राखणदारासाठी एक रोटही ठेवून आले. नोंद करायला काय हरकत आहे? या वेळी मात्र एक वाईट गोष्ट घडली. वाटेने जाणाऱ्या कोणीतरी त्यांना पांढऱ्याफटक चेहऱ्याने कठड्यावर बसलेलं पाहिलं आणि ताईला फोन केला की तुझा घोव सांकवावर पडला आहे. ती रिक्षा करून पोचेपर्यंत आम्ही दोघं केळी खाऊन हसत होतो. ती हसली नाही. परत येताना रिक्षात तिने त्यांचं मनगट घरापर्यंत सोडलं नाही.

तिसऱ्यांदा निघालो तेव्हा मला खोकला झाला होता. ताईने वाटी पुढे केली, मी दही नको म्हटलं, तिने माझ्या हातावर तुळशीचं पान ठेवलं. भावोजींनी त्यांची वाटी चाटूनपुसून संपवली. त्या दिवशी धावताना मला वाटलं, आज रस्ता सोपा आहे. मी खोकत खोकत सांकव ओलांडला, पुढचं वळण घेतलं, सातव्या किलोमीटरचा दगड पाहिला आणि सहज मागे बघितलं तर रस्त्यावर कोणी नव्हतं. माझ्या आयुष्यात मी कोणत्याही शर्यतीत कोणाच्या पुढे गेल्याची ही पहिलीच वेळ, आणि मला तिचा आनंद घेता आला नाही. मी उलटा धावत आलो. भावोजी कठड्यावर बसून होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. घामाने निथळणारा, खोकणारा, पण दोन पायांवर उभा असलेला पंचाचा पुडा त्यांच्यासमोर होता. त्यांनी पेज विचारली, पाणी विचारलं, झोप विचारली. सगळं सारखंच होतं. मग त्यांनी विचारलं, "दही-साखर खाल्लंस नाय मां तू?"

घरी पोचल्यावर ताई ओसरीवर उभीच होती.  ती म्हणाली, "आता एकदाच. परत रस्त्यार बसलात, तर बूट बांयत टाकतलंय. माका ह्या घरात एकटी ऱ्हवाचा नाय." विहीर अंगणातच होती. भावोजींनी मान डोलावली. बूट गेले तर परत जनेलाकडची कदेल, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

पुढचे दोन आठवडे ते कामाचं निमित्त सांगून आमच्याकडे डिचोलीला येऊन राहिले. माझ्या बायकोने दही लावून दिलं. पेज तीन तास आधी, आणि दही-साखर पाऊण तास आधी खाऊन ते दोनदा धावले, आणि दोन्ही वेळा पाचव्या किलोमीटरच्या आसपास त्यांचे पाय गेले. मग पेज तशीच ठेवून दही-साखर फाटकात, पाऊल उचलण्याच्या क्षणी खाल्ली. दोन्ही वेळा ते बारा किलोमीटर करून शीळ घालत आले. ते डॉक्टरकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाला की असं काहींना होतं, सगळ्यांना होत नाही, आणि ही साखर रोजची करू नका. भावोजींनी मला ते खाणीच्या भाषेत समजावलं. पोट म्हणजे जेटी. पेज म्हणजे अंतर ठेवून एकामागून एक येणारे ट्रक. रिकामी साखर म्हणजे सगळे ट्रक एकदम. गर्दी बघून मुकादम घाबरतो आणि भराभर सगळ्यांना बाजूला पाठवून रस्ता मोकळा करतो, आणि नेमकी तेव्हाच पायांची बार्ज लागते. मागायला आली तर जेटीवर माती नाही. पण बार्ज आधीच लागलेली असेल तर येईल तो ट्रक रिकामा होतो, रांग होतच नाही, मुकादम झोपलेला राहतो. मला आयुष्यात पहिल्यांदा विज्ञान समजलं. घरून अठरा किलोमीटर धावताना त्यांना कधी काही झालं नव्हतं, कारण घरून धावायला जाणं हे शुभकार्य नव्हतं. दही-साखर फक्त हळर्णला जातानाच मिळायची. आणि वर्षभर पेजेची शितंसुद्धा मोजणाऱ्या माणसाने ती वाटी एकदाही वहीत लिहिली नव्हती. ते खाणं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मी म्हटलं, सोपं झालं, ताईला सांगा आणि वाटी बंद करा. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते म्हणाले की तिला हे कळलं तर ती काय धरून बसेल याचा विचार कर. जो माणूस पडू नये म्हणून तिने हातावर गोड ठेवलं, तो तिच्याच हाताने तीनदा रस्त्यावर बसला. हे ती आयुष्यभर विसरणार नाही. तिला सांगायचं नाही. नको म्हणायचं नाही. आणि बसायचंही नाही. त्या रात्री जेवताना त्यांनी भाताचे चार भाग केले नाहीत, एवढं मला आठवतं.

पेडण्याला परतल्यावर त्यांनी ताईला सांगितलं की या वेळी दही-साखर घरी नको, हळर्णच्या घुमटीसमोर दे, देवाच्या साक्षीने. ताईला वाटलं यांना देव आठवला म्हणजे हे घाबरले आहेत. स्वयंपाक कोण करणार, लोक काय म्हणतील, एवढ्या सकाळी मी बाईमाणूस किल्ल्यावर जाऊन काय करू, अशा सगळ्या हरकती घेऊन झाल्यावर ती माझ्या स्कूटरवर मागे बसली, आणि मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून हळर्णपर्यंत आली. भावोजींना शेजाऱ्याने आपल्या स्कूटरवरून पुढे नेऊन सोडलं होतं. पंचाचं काम त्या दिवशी मला माफ होतं. सात वाजता, नाडी बांधून झाल्यावर, हातपाय हलवून झाल्यावर, भावोजी घुमटीसमोर उभे राहिले. ताईने डबा उघडला, कुलेर, म्हणजे चमचा, भरून दही-साखर त्यांना भरवली. एक, दोन, तीन, सगळी संपेपर्यंत. शेवटचा घास गिळता गिळता ते निघाले. जरा बसा तरी, असं ती म्हणेपर्यंत ते वळणाआड गेले होते.

आम्ही मागून स्कूटरने निघालो. सांकव जवळ आला तसा ताईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. भावोजी कठड्याजवळ पोचले, त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि तोच ताल ठेवून पुढे गेले. त्यांची पाठ ताठ होती, कोपर अंगाला लागून, पावलं एकसारखी पडत होती. खरं तर फार सुंदर धावतात ते. मला त्याचं नवल उरलं नव्हतं.  मग ताई माझ्या कानाशी म्हणाली, "हे असे धावतत, ह्या माका कोणी सांगूक नाय."

पेडण्याच्या बाजारात दोन दुकानदार उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोरगावच्या बाजूला चढावर ऊन आलं आणि त्यांची गती उतरली. तिथे मी त्यांना केळं दिलं, ताईने गुळाचा खडा दिला, ते न थांबता खाल्लं. शेवटचे दोन किलोमीटर त्यांनी धावत, चालत, परत धावत काढले. हरमलला भाड्याच्या स्कूटरींची रांग, अर्धवट झोपेतले पाहुणे आणि जाळी सोडवत बसलेले रापणकार यांच्यामधून ते वाळूत शिरले आणि थेट गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. आम्ही पोचलो तेव्हा ते पाठमोरे होते. समुद्राकडे बघत होते. किती वेळ ते मी मोजलं नाही. ताई काठावरून म्हणाली की बूट भिजवले, आता ते आठवडाभर वाळायचे नाहीत. मग तिने लुगड्याचा पदर डोळ्याला लावला आणि मला सांगितलं की खारं वारं आहे. परतीच्या वाटेवर ओले बूट तिने त्या रिकाम्या डब्यावर ठेवून मांडीवर धरले होते.

दुपारी भावोजींनी वही पूर्ण केली. तांदूळ, पाणी, मीठ, वेळ, वारा, ऊन, केळं, गूळ, सगळं त्या सुबक अक्षरात उतरलं. दही-साखरेचं नाव कुठेच नव्हतं. मी पानं पुढे-मागे करून पाहिली. मग विचारलं की वर्षभराच्या प्रयोगाचं उत्तर ज्यात आहे तेच लिहायचं राहिलं का. त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. ताई आत भांडी घासत होती, तिकडे एकदा बघितलं.

"तो नमुनो न्हय," ते म्हणाले. "पंचवीस वर्सां माती मोजली, एक आकडो लपवूक नाय. ह्यो एक लपवतंय."

आता त्या वहीला बरीच प्रसिद्धी मिळाली आहे. डिचोलीपासून हरमलपर्यंतचे धावणारे लोक येतात, फोनवर तिच्या पानांचे फोटो काढतात, पेजेचं माप विचारतात. भावोजी तासन्‌तास समजावून सांगतात, ट्रकसुद्धा सांगतात आणि मुकादमही सांगतात, फक्त एका वाटीविषयी बोलत नाहीत. मोठ्या धावेच्या दिवशी ताई डबा घेऊन त्यांच्याबरोबर जाते, कारण तिचा ठाम विश्वास आहे की तीन वेळा उंबऱ्यावर दिलेली दही-साखर फुकट गेली आणि चौथी देवासमोर दिली म्हणून लागू पडली. ती हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. भावोजी शेजारी बसलेले असतात आणि मान डोलावतात. मीही डोलावतो. ती मी लिहिलेलं काही वाचत नाही, म्हणून तुम्हाला हे सांगायचं धाडस केलं. तुम्ही पेडण्याला गेलात तर तिच्यापुढे हे काढू नका.